९१ टक्के बाळंतपणं दवाखान्यात, मग बाळं का वाचली नाहीत?

आधी आकडे. मलावीत २००४ साली शंभरातली ५७ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१० मध्ये ७३. २०१५-१६ मध्ये ९१. बहुतांश खेड्यांत राहणाऱ्या, मक्यावर जगणाऱ्या एका गरीब देशाने दहा-बारा वर्षांत मारलेली ही मजल कुठल्याही आरोग्यमंत्र्याने छाती फुगवून सांगावी अशीच आहे. आता दुसरी ओळ वाचा. जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आत दगावलेली बाळं, दर हजार जिवंत जन्मांमागे: २००४ मध्ये २७, २०१० मध्ये ३१, २०१५-१६ मध्ये परत २७.

दोन्ही ओळी एकाच सर्वेक्षणाच्या आहेत, डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेच्या. आपल्याकडचा एनएफएचएस त्याच घराण्यातला. घरोघरी जाऊन बायकांना विचारतात: बाळंतपण कुठे झालं, कोणी केलं, बाळ जगलं का. म्हणजे कोणी बाहेरचा आकडा आणून जोडलाय असंही नाही.

या पोस्टमध्ये दोन शोधनिबंधांबद्दल लिहायचंय. दोन्ही २०१६ चे, दोन्ही मलावीवरचे आणि दोन्ही याच कोड्याला भिडणारे. एक अर्थशास्त्रज्ञांचा, दुसरा सार्वजनिक आरोग्यवाल्यांचा. दोन्ही चांगले आहेत हे आधीच सांगून टाकते. माझं भांडण त्यांच्या गणिताशी कमी आहे, आणि हे निबंध वाचून धोरणाच्या टेबलावर जे बोललं जातं त्याच्याशी जास्त.

पार्श्वभूमी थोडी लागेल. मलावीतल्या खेड्यांत बाळंतपणं करणाऱ्या सुईणींना चिचेवा भाषेत अझांबा म्हणतात. वयाने मोठ्या, गावातल्याच, अनुभवी. कित्येक वर्षं सरकार आणि मदतसंस्था या बायकांना प्रशिक्षण देत होत्या. स्वच्छ ब्लेड वापरा, हात धुवा, अवघड दिसलं तर पुढे पाठवा, असं. नंतर जगभरच वारं फिरलं. सुईणींना शिकवून मातामृत्यू कमी होत नाहीत, 'कुशल' म्हणजे शिकलेली नर्स-मिडवाइफ किंवा डॉक्टरच हवा, असं मत पक्कं झालं. त्याला आधारही होता: रक्तस्राव थांबेना किंवा मूल अडलं तर सुईणीच्या हातात फारसं काही नसतं. २००७ मध्ये मलावी सरकारने अझांबांना बाळंतपणं करायला बंदी घातली. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांनी त्यांना परत कामाला लावण्याची भाषा केली खरी, पण धोरणाचा रोख काही बदलला नाही. २०१२ मध्ये जॉइस बांडा राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांनी सुरक्षित मातृत्वाची खास मोहीम काढली आणि गावोगावच्या पारंपरिक प्रमुखांना तिच्यात ओढलं. या प्रमुखांचा शब्द तिथे चालतो. अनेक ठिकाणी त्यांनी गावाचे नियमच केले: बाळंतपण घरी झालं तर दंड. दंड बहुतेकदा कोंबडी किंवा बकरी. सुईणीला दंड, घरच्यांनाही दंड.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे. पण फुकट म्हणजे काय हे नीट समजून घ्यायला हवं. बाईने येताना अंगाखाली घालायचं प्लास्टिक आणायचं, नाळ कापायला ब्लेड आणायचं, बाळाला गुंडाळायला चितेंजे आणायची (कमरेला गुंडाळतात तो रंगीबेरंगी कपडा), आणि सोबत एक माणूस आणायचं. या माणसाला तिथे 'गार्डियन' म्हणतात. स्वयंपाक, धुणं, पाणी सगळं तिने करायचं. आई किंवा सासू किंवा बहीण. म्हणजे दवाखान्यात एक बाई जात नाही, दोन बायका घरातून उठून जातात.

आता पहिला निबंध. सुझॅन गॉडलंटन आणि एडवर्ड ओकेके यांनी बंदीचा परिणाम मोजायचं ठरवलं. नुसतं 'बंदीआधी किती, बंदीनंतर किती' असं मोजून चालत नाही, कारण त्याच वर्षांत रस्ते झाले, औषधं आली, पाऊस चांगला झाला असंही असू शकतं. म्हणून त्यांनी बंदीचा फटका जिथे जास्त बसणार होता अशा भागांची तुलना जिथे कमी बसणार होता अशा भागांशी केली. दोन्हीकडे रस्ते आणि पाऊस सारखेच बदलले असतील असं धरलं, तर उरलेला फरक बंदीचा. याला डिफरन्स-इन-डिफरन्स म्हणतात. नाव भारदस्त आहे, कल्पना शेजारच्या दोन घरांच्या वीजबिलांची तुलना करण्याइतकीच साधी.

त्यांना काय सापडलं? बंदीमुळे सुईणीकडे होणारी बाळंतपणं सुमारे १५ टक्क्यांच्या अंतराने घटली. त्यातली साधारण तीन चतुर्थांश दवाखान्याकडे वळली. म्हणजे बंदी 'यशस्वी' झाली. आणि नवजात मृत्यूंमध्ये? संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल अशी घट नाही. कारणं तपासताना त्यांचं बोट दवाखान्यांच्या दर्जाकडेच गेलं: बायका पोचल्या, पण पोचल्यावर जे मिळायला हवं होतं ते तिथे नव्हतं.

या निबंधात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट एका वाक्यात येऊन जाते. तीन चतुर्थांश दवाखान्यात गेल्या. उरलेल्या एक चतुर्थांश? त्यांचं बाळंतपण नातेवाइकांनी किंवा ओळखीच्या बाईने केलं. म्हणजे त्यांच्याजवळ आधी निदान शंभर बाळंतपणं पाहिलेली एक बाई होती, आता तीही नाही. लेखकांना हे दिसलंय, त्यांनी ते लिहिलंय. पण मृत्युदराची सरासरी काढताना या बायका दवाखान्यात गेलेल्यांबरोबर एकाच हिशेबात मिसळतात. एका गटाचं थोडं भलं आणि दुसऱ्याचं थोडं वाईट झालं असेल, तर सरासरी 'काही बदल नाही' असंच सांगणार. अर्थशास्त्रज्ञांना सरासरी प्रिय असते, त्यांना दोष देत नाही. पण बंदीसारख्या धोरणाचा हिशेब मांडताना ज्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं गेलं त्यांचा रकाना वेगळा हवा होता.

आता कोणी म्हणेल, मूळ आकडेच तपासा आधी. रास्त आहे. सर्वेक्षणातला मृत्युदर हा मागच्या पाच वर्षांचा असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी अनिश्चितता असते. २७ आणि ३१ मधला फरक फार ताणू नये. संयुक्त राष्ट्रांचे मॉडेलवर बसवलेले अंदाज नवजात मृत्यूंमध्ये घट दाखवतात. आणखी एक खाचखळगा: घरी जन्मून एक-दोन श्वास घेऊन गेलेलं बाळ पूर्वी 'मेलेलंच जन्मलं' म्हणून सांगितलं जायचं, दवाखान्यात तेच बाळ जिवंत जन्म म्हणून मोजलं जाऊ शकतं, आणि मग नवजात मृत्यूही. म्हणजे मोजणी सुधारल्याने आकडा वर राहू शकतो. हे सगळं मान्य. तरी एक गोष्ट उरते. त्याच सर्वेक्षणांत पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू २००४ मध्ये हजारी १३३ होते, २०१५-१६ मध्ये ६३. लसी, मच्छरदाण्या, मलेरियाची औषधं, एचआयव्हीचे उपचार यांनी महिन्याहून मोठ्या मुलांना वाचवलं. पहिल्या महिन्यातलं बाळ तिथेच राहिलं. २००४ मध्ये मरणाऱ्या पाच मुलांतलं एक पहिल्या महिन्यातलं होतं. २०१५-१६ मध्ये पाचांतली दोन.

आयांचं चित्र वेगळं आहे, तेही सांगायला हवं. याच सर्वेक्षणांत मातामृत्यूंचं प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ९८४ वरून ६७५ आणि मग ४३९ वर आलं. ही खरी, मोठी घट. पण ती सगळी दवाखान्यातल्या खाटेच्या खात्यावर जमा करायची घाई नको. २०११ मध्ये मलावीने प्रत्येक एचआयव्हीबाधित गर्भवतीला आयुष्यभर औषधं द्यायला सुरुवात केली. असं करणारा तो पहिला देश. ज्या देशात गरोदर बायकांच्या मृत्यूंत एचआयव्हीचा वाटा एवढा होता, तिथे यातली किती घट औषधांची आणि किती दवाखान्यातल्या बाळंतपणांची हे वेगळं काढणं सोपं नाही.

दुसरा निबंध हॅना लेस्ली, गुंथर फिंक, मार्गारेट क्रुक आणि त्यांच्या मलावीतल्या सहकाऱ्यांचा. त्यांनी प्रश्न पुढे नेला: दवाखाना चांगला असेल तर बाळं वाचतात का? मलावीत २०१३-१४ मध्ये देशातल्या झाडून सगळ्या आरोग्यसंस्थांची पाहणी झाली होती, आणि त्याच सुमारास घरोघरचं सर्वेक्षणही. त्यांनी दोन्ही जोडली. प्रत्येक दवाखान्याला वीस-पंचवीस निकषांवर गुण दिले आणि बघितलं, की जास्त गुणांच्या दवाखान्यात जन्मलेली बाळं जास्त जगतात का.

इथे एक अडचण येते, ती समजून घेण्यासारखी आहे. चांगल्या दवाखान्यात कोण जातं? एक तर पैसेवाली, शिकलेली बाई. नाहीतर जिची केस हाताबाहेर चालली आहे ती. पहिलीमुळे चांगला दवाखाना आहे त्याहून चांगला दिसतो, दुसरीमुळे आहे त्याहून वाईट. आपल्याकडेही ससूनमध्ये किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये मृत्यू जास्त होतात, म्हणून ती रुग्णालयं खेड्यातल्या उपकेंद्रापेक्षा वाईट असं कोणी म्हणत नाही. तिथे पोचतात त्याच बायका अवघडलेल्या असतात. मग यातून वाट कशी काढायची? अंतर वापरून. बाईचं घर चांगल्या दवाखान्याच्या जवळ आहे की साध्या, हे बऱ्याच अंशी नशीब असतं. तिच्या बाळाची तब्येत कशी असेल यावर ते अवलंबून नसतं. तर 'चांगला दवाखाना साध्याच्या मानाने किती लांब' हे अंतर घ्यायचं, आणि केवळ त्या अंतरामुळे ज्या बायका चांगल्या दवाखान्यात पोचल्या त्यांच्या बाळांचं काय झालं ते पाहायचं. हे इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल. प्रयोग न करता प्रयोगासारखं काहीतरी करण्याचा हा जुगाड आहे, पण अब्रूदार जुगाड.

उत्तर आलं: चांगल्या दवाखान्यात जन्मलेल्या बाळांचे मृत्यू २.३ टक्क्यांच्या अंतराने कमी. ऐकायला चिमुकलं वाटतं. पण २.३ टक्के म्हणजे हजारात २३. आणि देशाचा एकूण नवजात मृत्युदरच हजारात २७! शब्दशः घेतलं तर चांगल्या दवाखान्यात जवळजवळ कोणीच मरायला नको. अर्थात असं नसतं. या पद्धतीत उत्तर सगळ्या बायकांचं येत नाही, फक्त अंतरामुळे ज्यांची निवड बदलते अशांचं येतं. आणि अनिश्चिततेचा पट्टाही रुंद आहे, एका टोकाला शून्याला टेकलेला. शिवाय बाळंतपण नेमक्या कोणत्या दवाखान्यात झालं हे घरोघरच्या सर्वेक्षणात नसतं, त्याचा प्रकार असतो. बाकी अंदाजाने जोडावं लागतं. म्हणून हा निबंध मी दिशा सांगणारा म्हणून वाचते. दिशा पटते. २३ हा आकडा भाषणात वापरू नये.

माझा खरा आक्षेप त्या गुणांवर आहे. दवाखान्याचा दर्जा म्हणजे काय? पाहणी करणारी माणसं दिवसा जातात. बॅग-मास्क आहे का, ऑक्सिटोसिन आहे का, वीज-पाणी आहे का, मागच्या काही महिन्यांत अमुक उपचार केले का, कोणाला प्रशिक्षण झालंय का, अशी यादी भरतात. मोजता येतं तेच मोजणार, हे कळतं. पण जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यावा लागतो. बॅग-मास्क कपाटात आहे आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरकडे आहे, तर यादीत 'आहे' अशीच खूण होणार. रात्री एकच नर्स-मिडवाइफ, एकीचं बाळ बाहेर येतंय, दुसरीला रक्तस्राव चालू आहे, तिसरीची वेळ भरत आलीय. अशा वेळी कपाटात काय आहे यापेक्षा हात किती आहेत हा प्रश्न असतो. तो यादीत नीटसा येत नाही.

वस्तू आणि काळजी यांत किती अंतर असतं याचं मलावीतलंच एक उदाहरण देते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. मलावीत अपुऱ्या दिवसांची बाळं खूप जन्मतात. २०१२ च्या जागतिक अंदाजात शंभरात १८, जगात सर्वाधिक. अशा बाळांची फुप्फुसं मिटतात. ती उघडी ठेवायला बबल सीपॅप नावाचं तुलनेने स्वस्त यंत्र आहे. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये श्वासाचा त्रास असलेल्या नवजात बाळांवर ते वापरलं, तेव्हा ७१ टक्के बाळं जगली. नुसत्या ऑक्सिजनवर ४४ टक्के. अभ्यास छोटा होता, चिठ्ठ्या टाकून गट केलेले नव्हते, तरी फरक डोळ्यांत भरणारा. ते मोठं रुग्णालय, बालरोगतज्ज्ञ असलेलं. पुढे सलिमाच्या जिल्हा रुग्णालयात याच तंत्राची नीट चाचणी झाली, निकाल २०१९ मध्ये आला. तिथे रोज पाहणारा डॉक्टर नव्हता, बाळंही वेगळी होती: एक महिन्याहून मोठी, गंभीर न्यूमोनियाची, त्यांतली काही एचआयव्हीची झळ लागलेली किंवा कुपोषित. बबल सीपॅपवर १७ टक्के मुलं दगावली, साध्या ऑक्सिजनवर ११ टक्के. वय वेगळं, आजार वेगळा, त्यामुळे दोन्ही निकाल एकमेकांसमोर ठेवून यंत्राला खोटं पाडता येत नाही. पण 'यंत्र आहे: होय' या खुणेला एक गुण द्यायचा की नाही, याचा विचार करायला ते पुरेसे आहेत.

आणखी एक साधा आकडा. त्याच २०१५-१६ च्या सर्वेक्षणात ९१ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. बाळंतपणानंतर दोन दिवसांत तपासणी झालेल्या आया किती? ४२ टक्के. बाळं? ६० टक्के. म्हणजे बाई दवाखान्यात होती, बाळ दवाखान्यात होतं, आणि तरी अर्ध्याअधिक आयांना कोणी 'कसं वाटतंय' म्हणून हात लावून बघितल्याचं आठवत नाही. काही जणींची तपासणी झाली असेल आणि त्यांना ती तपासणी वाटली नसेल. पण तेही दर्जाबद्दलच काहीतरी सांगतं.

या सगळ्यावरून पुढे काय सुचवलं गेलं? २०१६ मध्येच क्रुक आणि सहकाऱ्यांनी केनिया, नामिबिया, रवांडा, टांझानिया आणि युगांडा या पाच देशांवर एक निबंध लिहिला. बाळंतपणाच्या मूलभूत सेवांना शून्य ते एक असे गुण दिले, तर प्राथमिक पातळीवरच्या दवाखान्यांना सरासरी ०.३८ मिळाले, सिझेरियनची सोय असलेल्यांना ०.७७. जिथे बाळंतपणं कमी होतात तिथे सवयच राहत नाही, हा मुद्दा. त्यातून २०१८ च्या लॅन्सेट ग्लोबल हेल्थ आयोगाने सुचवलं, की बाळंतपणं छोट्या केंद्रांतून काढून रुग्णालयात किंवा त्याच्या जवळच न्यावीत. गरोदरपणाच्या तपासण्या गावात, बाळंतपण मोठ्या ठिकाणी.

कागदावर हे तर्कशुद्ध आहे. माझ्यासारखीला, जिचं रोजचं काम आकड्यांशी, पटकन पटणारंही. पण मलावीचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मका पेरायचा, खुरपायचा तो याच महिन्यांत, आणि आधीच्या वर्षीचं धान्य संपतं तेही जानेवारी ते मार्चमध्ये. त्या वेळी दिवस भरत आलेल्या बाईने जिल्ह्याच्या रुग्णालयाजवळच्या प्रतीक्षागृहात दोन-तीन आठवडे राहायचं. सोबत गार्डियन. दोघींचं पीठ घरून. शेतातले चार हात कमी, घरातली लहान मुलं शेजारणीवर. छोटं केंद्र बंद झालं तर पैसे सरकारचे वाचतात, चालणं बाईचं वाढतं. आधी बंदीने तिला सुईणीकडून केंद्रात आणलं. केंद्रात नीट झालं नाही, तर आता केंद्रातून रुग्णालयात. प्रत्येक वेळी दुरुस्ती म्हणजे बाईने अजून थोडं पुढे यायचं. दवाखान्याने काय करायचं याचा दंड मात्र कुठल्याच प्रमुखाच्या नियमात नाही. रात्री सिस्टर एकटी होती म्हणून जिल्हा आरोग्य कार्यालयाकडून बकरी वसूल झाल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

मग घरीच बाळंतपणं होऊ द्यायची? असं मी म्हणत नाही. रक्तस्राव सुरू झालेल्या बाईला घरी वाचवणं फार अवघड, तो मुद्दा २००७ मध्येही खरा होता आणि आजही आहे. पण बाळांचं गणित आयांच्या गणिताहून वेगळं आहे, आणि ते दाखवणारी चाचणी मलावीच्या शेजारीच झाली. झांबियातल्या लुफ्वान्यामा जिल्ह्यात सुईणींच्या दोन गटांपैकी एकाला न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं, बाळ कोरडं करून उबेत ठेवणं, आणि जंतुसंसर्ग वाटला तर अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन केंद्रात पाठवणं शिकवलं. साहित्य दिलं, मधूनमधून उजळणी घेतली. २०११ मध्ये निकाल आला: प्रशिक्षित सुईणींच्या हातून झालेल्या बाळंतपणांत हजारी २२.८ बाळं दगावली, दुसऱ्या गटात ४०.२. मराठी वाचकाला यात गडचिरोलीची आठवण येणारच. १९९९ मध्ये अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून मृत्युदर निम्म्याहून खाली आणल्याचं लॅन्सेटमध्ये मांडलं, तेव्हा 'घरी? जंतुसंसर्गावर? गावातली बाई?' अशाच भुवया वर गेल्या होत्या.

लुफ्वान्यामाला मी डोक्यावर घेत नाही. एकच जिल्हा, सतत देखरेख, संशोधकांचा पैसा. घानाच्या ब्राँग अहाफो भागात न्यूहिंट्स नावाची मोठी चाचणी झाली, तिथे स्वयंसेवकांनी घरी भेटी दिल्या, सल्ला दिला, आजारी बाळाला दवाखान्यात पाठवलं. भेटी न झालेल्या भागांत मृत्युदर ३१.९, भेटी झालेल्या भागांत २९.८. फरक ८ टक्के, तोही योगायोग नाही असं छातीठोक सांगता येणार नाही इतका. माझ्या वाचनाप्रमाणे दोन चाचण्यांत मुख्य फरक हा: झांबियातल्या सुईणीच्या हातात बाळ होतं आणि त्या मिनिटाला करायचं काम तिला येत होतं. घानातला स्वयंसेवक सांगून दुसरीकडे पाठवत होता, आणि दुसरीकडे काय मिळेल ते त्याच्या हातात नव्हतं.

मलावीत दोन्ही टोकं जोडून बघण्याचा प्रयत्नही झालाय. मायखांडा या कार्यक्रमात कासुंगू, लिलाँग्वे आणि सलिमा या तीन जिल्ह्यांत काही ठिकाणी गावात बायकांचे गट केले, काही ठिकाणी दवाखाने सुधारण्यावर काम केलं, काही ठिकाणी दोन्ही. जिथे दोन्ही झालं तिथे नवजात मृत्यू सुमारे २२ टक्क्यांनी कमी दिसले. हाही निकाल कसोटीच्या काठावरच आहे, पण चारही गटांत हाच सगळ्यात लक्षात राहण्यासारखा. बंदीच्या बातमीइतका तो कुठे गाजला नाही. बायकांच्या गटांच्या बैठका आणि दवाखान्यातल्या मृत्यूंचं परीक्षण यांची बातमी होत नाही, हेही आहेच.

आपल्याकडे २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. मलावीत दंड, आपल्याकडे पैसे. बाकी तर्क तोच. एनएफएचएसच्या तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत दवाखान्यातली बाळंतपणं ३९ वरून ७९ टक्क्यांवर गेली, म्हणजे दुप्पट. नवजात मृत्यू ३९ वरून ३० वर आले. घट झाली, पण बाळंतपणांच्या आकड्याची झेप पाहून जेवढी वाटावी तेवढी नाही, आणि नऊ राज्यांच्या जिल्ह्यांवरच्या एका अभ्यासात दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण आणि मातामृत्यू यांचा धड संबंधच सापडला नव्हता. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

मलावीकडे परत येऊन एक मागणी नोंदवते, कारण समीक्षा लिहायची आणि काय हवं ते सांगायचं नाही हे बरोबर नाही. पुढच्या वेळी कोणी दर्जाचा निर्देशांक बांधेल तेव्हा त्यात रात्री दोनची पाहणी असावी: पाळीवर किती जणी, किती बाळंतपणं चालू, बॅग-मास्क हाताच्या अंतरावर आहे का, आणि मागच्या न रडलेल्या बाळाला पहिला श्वास किती वेळाने मिळाला. आणि गॉडलंटन-ओकेके यांच्या त्या उरलेल्या एक चतुर्थांश बायकांना शोधून विचारावं, की बंदीनंतर तुमच्याजवळ कोण होतं. दंड झालेल्यांची नावं गावच्या प्रमुखांकडे असणारच. शोधायला अवघड जायचं नाही.